मोडीचा भाव

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या घरी माळा साफ करण्याचा कार्यक्रम होतो. शिडीवर मी, खाली पदर खोचून आई, आणि मधे मुले, अशी साखळी लागते; नि वर्षभर अंधारात पडलेल्या वस्तू एकेक करून उजेडात येतात. बूड गेलेला बंब, कान तुटलेली कढई, चेपलेला तांब्या, तोटी निखळलेली झारी. त्यांतले ठेवायचे काय नि मोडीत द्यायचे काय, याचा निवाडा आई करते. मग गोणपाटात बांधलेला तो ऐवज मी सायकलीवर टाकून तांबटाच्या दुकानी नेतो. तांबट भांड्याच्या घाटाकडे बघतसुद्धा नाही. ते कोणाच्या लग्नात आले, कोणाच्या बाळंतपणात त्यात पाणी तापले, याच्याशी त्याला काय कर्तव्य? तो ते काट्यावर टाकतो, वजन करतो नि मोडीचा भाव सांगतो. मी मुकाट्याने पैसे घेऊन घरी येतो.

एक वस्तू मात्र दर वर्षी गोणपाटातून बाहेर राहते. ते एक पितळी घंगाळ आहे. त्याच्या तळाला करंगळी जाईल एवढे भोक आहे. त्याची हकीकत मी कित्येक वर्षे कोणाला सांगितली नव्हती. आज सांगणार आहे. परंतु त्याआधी वाचकांना मला थोडे लांब न्यावयाचे आहे. ज्या बाईमुळे ती सांगण्याचे धैर्य मला आले, तिची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी तेथे गेलो होतो. परतीची गाडी चुकली. पुढच्या गाडीला तीन तास अवकाश होता. कोणीतरी म्हणाले, 'मास्तर, येथवर आलात तर रमाबाईंचे मुक्तिसदन पाहून या.' पंडिता रमाबाईंचे नाव मला ठाऊक होते. शाळेत शिकवणाऱ्याला ते ठाऊक असतेच. एखादी तारीख, एखादे पुस्तक, 'समाजसुधारक' हा शब्द, नि पुढचा धडा. तेवढ्या भांडवलावर मी गेलो. झाडीतून चालत मोठ्या दगडी देवळापर्यंत गेलो, रमाबाईंच्या विसाव्याची जागा पाहिली, नि परत येताना मनाशी म्हटले की या बाईविषयी आपण मुलांना जे सांगतो ते अगदीच थोडे आहे. त्यानंतरची दोन वर्षे मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते हे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या रांगांत गंगामूळ नावाचे रान आहे, त्या रानातल्या आश्रमातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान आणि मोठे हट्टी. पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी तरुणपणी पाहिले नि बायकोला शिकवायचे असे मनाने घेतले. त्या काळी हे पाप होते. विरोध झाला, पंडितांपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबोवांनी शास्त्रांतलेच आधार काढून दिले नि आपला हट्ट चालवला. पत्नी लक्ष्मीबाई शिकल्या. नि त्या लक्ष्मीबाईंनी पहाटे, घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, मांडीवर बसवून धाकट्या रमेला शिकवले. भागवताचे अध्यायच्या अध्याय त्या पोरीला लहानपणीच मुखोद्गत झाले.

पुढे आश्रम सुटला. आई, बाप, थोरली बहीण, भाऊ श्रीनिवास नि रमा, असे हे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळात बसावे, पुराण सांगावे, लोक दक्षिणा ठेवतील त्यावर गुजराण करावी. पैसा हाती आला की दानधर्मात जाई. असे वर्षानुवर्षे चालले. मग दक्षिणेत दुष्काळाचे दिवस आले. श्रोते पांगले, दक्षिणा थांबली. मोलमजुरी कधी केलेली नाही, भीक मागायची लाज, असे ते सुशिक्षित दारिद्र्य होते. दागिने गेले, भांडीकुंडी गेली, वस्त्रे गेली. एके काळी झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वृद्ध आणि अंध झालेले अनंतशास्त्री जलसमाधी घेण्याच्या गोष्टी बोलू लागले. १८७४ साली ते गेले. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती.

थोड्याच दिवसांत आईने अंथरूण धरले. तापात ती खायला मागू लागली. रमा एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. भाकरीचा तुकडा मागायचा होता. तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या बाईने ओळखले नि भाकरी दिली. ती खाण्याची शक्तीही आईला उरली नव्हती. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास, नि चौथी ही पोर. स्मशान दोन-तीन मैलांवर. रमा ठेंगणी, तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पुरेना. म्हणून आईच्या तिरडीचे टोक तिने डोक्यावर घेतले.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. माझ्या डोळ्यांपुढे एक गोष्ट सारखी येत होती. पुढे या बाईने जगात मानमरातब मिळवला. तिने ही हकीकत लपवून ठेवली असती तर कोणाला कळले असते? श्रीनिवास गेला, ते दोन ब्राह्मणही गेले. कोणीही साक्षीदार नव्हता. तरी तिने ती लिहून ठेवली. का, ते पुढे येईल.

वर्षभरात बहीणही गेली. राहिली दोघे भावंडे. ती पायीच निघाली, नि हजारो मैल चालली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी पडली. अंगावर पांघरूण नाही. तेव्हा दोघांनी वाळूत माणूसभर लांबीचे खड्डे खणले, त्यात निजली नि मान तेवढी बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. जिवंतपणी थडग्यात झोपणे ते हेच. पायपिटीपेक्षाही मोठी गोष्ट आतून घडली होती. ज्या व्रतांनी, ज्या तीर्थांनी संकट टळते असे त्यांना शिकवले होते, ती सर्व त्यांनी मनोभावे केली होती. नि संकट टळले नव्हते. दोघांच्या मनातली जुनी श्रद्धा तडकली. तिच्या जागी दुसरे काही आले नव्हते.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली, नि दैवाने एकाएकी कूस पालटली. वीस वर्षांची एक ब्राह्मण कन्या अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रार्थ करते, याने तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली नि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. सभा झाल्या, सत्कार झाले. पण १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. नि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. रमाबाईंचे वय त्या वेळी तेवीस. मांडीवर दहा महिन्यांची पोर. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. आपले म्हणावे असे कोणी उरले नाही. त्या काळच्या समाजाच्या काट्यावर अशा बाईचा भाव काय होता, ते मी सांगायला नको. मोडीचासुद्धा नव्हता.

त्याच साली त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला. हंटर आयोगापुढे रमाबाईंनी स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले नि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च जमवून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते. ते झाले नाही. कान अधू होत चालले होते. सोबत गेलेली मैत्रीण तिकडेच काही महिन्यांत निवर्तली. म्हणजे येथेही एक मोडतोड झालीच.

परंतु माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा सांधा याच वर्षी वळला, तो एका लहानशा भेटीने. वाँटेज गावच्या ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तेथे राहत. हवापालटासाठी रमाबाईंना काही दिवस तेथे पाठवले. त्यांनी काय पाहिले? चांगल्या घरच्या, शिकलेल्या स्त्रिया या टाकलेल्या बायकांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांना काम शिकवीत होत्या. त्यांच्या वागण्यात घृणा नव्हती. रमाबाई चकित झाल्या. आपल्याकडे अशा बाईला कोणत्या शास्त्राने, कोणत्या मठाने दार उघडले होते? त्यांनी एका भगिनीला विचारले, 'तुम्ही हे का करता?' तिने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

ही गोष्ट आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाण्याला येते. येशू तेथे थकून बसलेला असतो. ती परजातीची, यहुदी माणूस तिच्या हातचे पाणी पिणार नाही. तिचे पाच नवरे झालेले, नि आता जिच्याशी लग्नाची गाठ नाही अशा पुरुषाजवळ ती राहते. येशू हे सारे जाणून तिच्याजवळ पाणी मागतो, नि धर्माच्या ज्या गहन गोष्टी पंडितांशी बोलाव्यात त्या तिच्याशी बोलतो. ती घडा तेथेच टाकून गावात धावत जाते नि लोकांना सांगते की ज्याने मी केलेले सारे मला सांगितले, तो मनुष्य पाहायला चला.

आता यातील खोच पाहा. ती बाई आपला भूतकाळ झाकून गावात जात नाही. ज्या गोष्टीची तिला लाज वाटत असेल, तीच गोष्ट तिच्या साक्षीचा आधार होते. रमाबाईंनी संस्कृतातले गहन ग्रंथ पालथे घातले होते. त्यांना या साध्या गोष्टीने जिंकले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्यांना पडलेल्या शंकांचे निरसन करण्यात नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांचाही हात होता.

इकडे महाराष्ट्रात हलकल्लोळ झाला. कोणी म्हणाले, परक्या देशात एकट्या बाईला गाठले. कोणी म्हणाले, पोटासाठी बाटली. पोटासाठी बाटायचे असते तर झेलमच्या वाळवंटात बाटायला हरकत नव्हती. खरे म्हणजे रमाबाई तिकडच्याही कोणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. ज्या भगिनींनी त्यांना धर्म दिला त्यांच्याशी त्या सडेतोड वाद घालीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. शिवाय त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. तो मिळण्यासाठी त्यांना आणखी आतून जावे लागले. श्रद्धा म्हणजे एका दिवसात बदलायचे लुगडे नव्हे.

पुढचा भाग वाचकांना माहीत आहे, म्हणून झपाट्याने सांगतो. ११ मार्च १८८६ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, मदत जमवली नि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. ज्या कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला, त्यांच्या घरातच शारदा सदनाची पहिली लेक नांदत होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सदन पुण्यास आले नि १८९३ साली वादळ झाले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तेथे जाऊन बसत, ख्रिस्ताकडे वळू लागत. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द दिलेला होता. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावीत नाही, आईजवळ येणाऱ्या लेकरांना हाकलणारही नाही. पालकांचे म्हणणे, आम्ही मुली शिकायला पाठवल्या, धर्म बदलायला नव्हे. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. मी इतिहासाचा शिक्षक आहे, वकील नाही. एवढेच म्हणतो की पालकांची भीती अनाठायी नव्हती नि रमाबाईंचा स्वभाव आतबाहेर करण्याचा नव्हता. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींवर आदळल्या. त्यात नुकसान झाले ते त्या परत नेलेल्या मुलींचे.

आता मी ज्यासाठी ही कथा काढली तेथे आलो. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या पुण्यास येऊ लागल्या. शारदा सदन होते उच्चवर्णीय विधवांसाठी; पैसा नव्हता, जागा नव्हती. शहाणा संचालक म्हणाला असता, हे आपले काम नव्हे. रमाबाई मात्र उठून निघाल्या. त्यांनी सरकारी अन्नछत्रे पाहिली, दरिद्री आश्रम पाहिले. हाडांवर कातडे लोंबणारी पोरे पाहिली. निराधार तरुण मुलींच्या भोवती घुटमळणारी, त्यांना फूस लावून नेणारी माणसेही पाहिली. दुसऱ्या एखाद्या दयाळू माणसाला तेथे केवळ गर्दी दिसली असती. रमाबाईंना त्या गर्दीत बावीस वर्षांपूर्वीची एक सोळा वर्षांची मुलगी दिसली. ती भाकरीसाठी दारात उभी होती नि तिला मागता येत नव्हते.

भूक माणसाला काय करते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. उपाशी पोराला एकदम पोटभर जेवू घातले तर ते मरते, हे त्यांना ठाऊक होते. लाजेने गप्प बसलेल्या मुलीला काय हवे असते, हे ठाऊक होते. त्यांनी शेकडो मुली आणल्या. त्याच सुमारास स्वतःच्या दुष्काळाची सारी हकीकत लिहून त्यांनी प्रसिद्ध केली. तिरडी डोक्यावर घेतल्याचे जगाला सांगितले ते यासाठी. जी गोष्ट आपण शरमेने पुरून टाकली असती, ती त्यांनी त्या मुलींच्या कामी आणली. लोकांनी वाचले नि मदत पाठवली.

१८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर. इतक्या मुली शहरात ठेवणे अशक्य. तेव्हा काही वर्षांपूर्वी फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन उपयोगी पडली. तेथे तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या. त्या उघड्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजरात दुष्काळात सापडला तेव्हा तिकडच्या मुली आल्या नि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. मुली शेती करीत, माग चालवीत, तेल गाळीत, दूधदुभते पाहत, शिवण शिवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. फसवल्या गेलेल्या, घरातून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमच्या त्या घराचे बी महाराष्ट्राच्या मातीत असे रुजले. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली. म्हाताऱ्या, अपंग, कोणालाच परत पाठवायचे नाही असा तेथला शिरस्ता होता. नि लक्षात घ्या, या मुली आणल्या तेव्हा त्यांचा भाव कोणी विचारीत नव्हते. त्यांच्यातल्याच पुष्कळजणी पुढे शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, नव्या आलेल्या मुलींच्या आया झाल्या. कारण नव्या मुलीचे दुःख ओळखायला जुनी मुलगीच हवी.

रमाबाईंनी आपल्या भूतकाळातले काहीही फेकून दिले नाही. भूक फेकली नाही, वैधव्य फेकले नाही. नि बापाने हट्टाने दिलेली विद्याही फेकली नाही. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी बायबलाच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यासाठी उतारवयात हिब्रू नि ग्रीक या भाषा आत्मसात केल्या. प्रचलित भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला समजेल असे मराठी त्यांना हवे होते. संस्कृतावर असा अधिकार असलेली पंडिता साध्या बायकांसाठी साधे शब्द शोधीत बसली, नि तिच्याच मुलींनी ते छापले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक, सारा कारभार जिच्या हाती द्यायचा ती गेली. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. भाषांतर पुरे झाले नि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

येथे कोणी वाचक म्हणेल, 'मास्तर, म्हणजे दुःख चांगलेच म्हणायचे की!' नव्हे. तसे मी म्हणणार नाही, नि रमाबाईंनीही म्हटले नसते. दुष्काळात जी पोरे रस्त्याच्या कडेला मेली त्यांच्या मरणात कसलेही सौंदर्य नव्हते. केडगावला आणलेल्या मुलींपैकीही कित्येक वाचल्या नाहीत. मोडणे हे मोडणेच. त्याला फुले वाहू नयेत. उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य सांगणारा मनुष्य मला तांबटापेक्षाही निष्ठुर वाटतो.

मी ख्रिस्ती नाही. परंतु रमाबाईंना त्या श्रद्धेत जे सापडले ते मला असे दिसते. शुभवर्तमानात सांगितले आहे की येशू मरणातून उठला नि शिष्यांपुढे आला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते. थोमा नावाच्या शिष्याचा विश्वास बसेना, तेव्हा येशूने तेच वण त्याच्यापुढे केले. ज्या देवाला मरणावर मात करता आली, त्याला वण पुसता आले नसते काय? पण ते राहू दिले आहेत, नि ओळख पटते ती त्यांवरूनच. असा देव ज्याने मानला त्याला स्वतःच्या वणांची लाज वाटण्याचे कारण उरत नाही. रमाबाईंना हे वाचून कळले असेल, त्याहून अधिक जगून कळले असेल. पूर्वी त्यांना सांगितले गेले होते की विधवापण हे मागील जन्मीच्या पापाचे फळ. आता त्यांना दिसले की देव त्यांच्याकडे पापाचा हिशेब मागायला आलेला नाही; तो भर दुपारी विहिरीवर पाणी मागत बसला आहे. आपल्या फुटक्या घड्यातलेही त्याला चालणार आहे.

आता घंगाळाची गोष्ट. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो तेव्हा वडिलांचे किराणा दुकान बुडाले. देणेकरी दारात बसू लागले. वडील बोलेनासे झाले. आई आठवड्याच्या बाजारी एकेक भांडे पिशवीत घालून शेजारच्या गावी जाई. आमच्या गावच्या तांबटाकडे नेले तर आळीत बोभाटा होईल! पिशवी मी धरायचो. हंडा गेला, परात गेली, माझ्या मुंजीतली ताटे गेली. शेवटी हे घंगाळ नेले. तांबटाने तळाचे भोक पाहिले, हसला नि असा काही भाव सांगितला की आईने घंगाळ उचलले नि न बोलता चालू लागली. परत येताना तीन कोस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी मॅट्रिक पास झालो. त्यापुढचे शिक्षण झाले नाही. शिकवण्या धरल्या, मग शाळा मिळाली.

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो. त्यांतले नायक सगळे खात्यापित्या घरचे. वाड्याला चौक असायचा नि चौकात तांब्या-पितळेची उतरंड. कोणी विचारले की आपण पुढे का शिकला नाहीत, तर मी म्हणत असे, प्रकृती बरी नव्हती. इतकी वर्षे मी ते पिशवीचे ओझे लपवून वागवीत होतो.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आली नाही. हुशार पोर. चौकशीला तिच्या घरी गेलो. आई दारात आली, नि 'बरं नाही तिला' म्हणाली. माझेच उत्तर! आत नजर गेली. फडताळ रिकामे होते; मांडणीवर भांड्यांच्या जागी नुसते गोल डाग उरले होते. तो डाग मी ओळखतो. ओट्यावर बसलो नि त्या मायलेकींना मी पहिल्यांदा माझी घंगाळाची गोष्ट सांगितली. तीन कोसांचा रस्ता सांगितला. मुलगी खांबाआडून ऐकत होती. तिची आई काही वेळाने म्हणाली, 'गुरुजी, तुम्हीसुद्धा?' एवढेच. वह्या-पुस्तकांचे काय ते आम्ही शिक्षकांनी मिळून पाहिले. ते मोठेसे काही नव्हे. सोमवारी ती शाळेत येऊन आपल्या बाकावर बसली.

घरी येऊन आईला सांगितले. मला वाटले, घरची गोष्ट बाहेर काढली म्हणून रागावेल. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, 'बरे झाले सांगितलेस. मग ते घंगाळ कशाला ठेवलेय मी एवढी वर्षे?'

यंदा ते माळ्यावर परत गेले नाही. आईने त्यात माती भरून झेंडू लावला आहे. तांबट ज्या भोकाला हसला होता, त्यातून जास्तीचे पाणी निघून जाते, मुळे कुजत नाहीत. रोप चांगले पोसले आहे. लक्ष्मीपूजनाला फुले घरचीच होतील असे ती म्हणते.